सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखड : जुन्या गाडीच्या टायमिंग चेनवर किती भरवसा ठेवावा?

मांजराकाठ (लातूर)

मंडळी, नमस्कार.

दिवाळीच्या आधी एक जुनी डिझेल हॅचबॅक घेतली, २०१३ ची. टायमिंगला, म्हणजे क्रँकच्या (पिस्टन फिरवतात तो दांडा) तालावर कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवायला, बेल्ट नाही, चेन आहे. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा चेन सोडून कंपन्यांच्या भांडणावर जाते. मीटर सव्वा लाखाच्या आत दाखवतं, पण क्लचच्या पॅडलचं रबर पार गुळगुळीत झालंय, त्यामुळं त्या आकड्यावर माझा विश्वास नाही. आधीच्या मालकाकडं सर्व्हिसची कागदं नव्हती. गाडी आधी टॅक्सीला होती असं नंतर कानावर आलं.

रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केली की बोनेटच्या एका कडेनं, चेन ज्या बाजूला आहे तिकडूनच, धातूची खडखड येते. दोन-तीन सेकंदांत थांबते. दिवसभर मग काही नाही. पण थंडी पडल्यापासून ती जास्त वेळ राहायलीय. एका मिस्त्रीला दाखवली तर म्हणले, "डिझेल हाय, वाजणारच." दुसऱ्यानं जाड ऑइल टाकायला सांगितलं. तिसऱ्यानं बोनेट खाली टाकून सरळ चेन किटची यादीच हातात दिली.

चेन गाडीच्या आयुष्यभर चालते असं ऐकत आलोय, ते कितपत खरं? इंजिन खोलायच्या आधी चेन झिजलीय हे कळायला काही मार्ग आहे का? रोज रेणापूरवरून अंबाजोगाईला जाणं-येणं आहे, त्यामुळं अंदाजावर चालायची इच्छा नाही.

बालाघाटी (बीड)

दादा, आधी ऑइलची काडी ओढून बघा. लेव्हल किती, रंग कसा, बोटांत घासल्यावर चिकटपणा लागतो की नुसतं काळं पाणी. चेनचं सगळं आयुष्य त्या ऑइलवर आहे. आमच्या भावकीत टॅक्सीच्या गाड्या आहेत. एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या. एकीची चेन अडीच लाखांच्या पुढं बिनआवाजाची, दुसरीची दीड लाखाच्या आत चाकाचे दात सोडून सरकली, इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड उतरवावं लागलं. फरक एवढाच की दुसरीत ऑइल कमी झालं तरी कुणी बघायचं नाही, दिवा लागला की वरून अर्धा लिटर टाकायचं आणि पुढं.

ऑइलचा दिवा हा लेव्हलचा नसतो, प्रेशरचा असतो. तो लागेपर्यंत चेनचं नुकसान झालेलं असतं. हे ड्रायव्हर लोकांना कितीदा सांगितलं तरी कुणी ऐकत नाही, जीव तुटतो.

पाना_तेरा (नांदेड)

माझं छोटं गॅरेज आहे, डिझेलचंच काम जास्त. मांजराकाठ दादा, तुमच्या वर्णनावरून टेन्शनर, म्हणजे चेन ताठ ठेवणारा भाग, संशयात आहे, पण न ऐकता निकाल देत नाही. आवाज कधी येतो यावर बरंच कळतं.

पहिला प्रकार तुमचा. रात्रभर उभी गाडी, सुरू केल्यावर काही सेकंद खडखड, मग शांत. टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. गाडी बंद असताना त्यातलं ऑइल हळूहळू खाली उतरतं, मग सुरू करताना चेनला फक्त आतल्या स्प्रिंगचा आधार. पंपानं प्रेशर पोचवलं की टेन्शनरचा दट्ट्या म्हणजे प्लंजर बाहेर येतो, चेन ताठ होते, आवाज थांबतो. नव्या चेनला या दोन सेकंदांत काही होत नाही, कारण झोलच नसतो. चेन झिजून लांब झाली की झोल वाढतो आणि ती गाईडच्या, म्हणजे चेनला वाटेवर ठेवणाऱ्या, पट्टीवर, कधी कव्हरवर आपटते.

दुसरा प्रकार उलटा. सकाळी ठीक, पण उन्हात पन्नास किलोमीटर पळवून आणली, आयडलला उभी केली की खरखर. गरम ऑइल पातळ असतं, आयडलला पंप हळू फिरतो, प्रेशर कमी. इथं चेनसोबत ऑइल पंप आणि बेअरिंगांकडंही बघावं लागतं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ वर असतो तेव्हा असल्या गाड्या रांगेनं येतात.

तिसरा प्रकार म्हणजे आवाज कायम, रेस वाढवली की तोही वाढतो. मग गाडी चालवत गॅरेजला येऊ नका, टो करून आणा.

आणि एक. ऑइल फिल्टर कुठला आहे तो बघा. चांगल्या फिल्टरमध्ये ऑइल मागं उतरू नये म्हणून रबराची झडप असते. रस्त्यावरच्या स्वस्त मालात ती एक तर नसते किंवा दोन महिन्यांत कडक होते. मग रोज सकाळी इंजिन कोरडं सुरू होतं. चेन किटला हात लावायच्या आधी मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल आणि खात्रीचा फिल्टर टाका, आठवडाभर सकाळचा आवाज ऐका. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलं तर उत्तम.

तेरणाकाठ (धाराशिव)

+१. फिल्टरचा मुद्दा फार मोलाचा. आपल्याकडं ऑइलला पैसे देतात आणि फिल्टरला "चालतंय की" म्हणतात.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, म्हणून झिजेबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

चेनची लांबी वाढते ती पट्ट्या ताणल्यामुळं नाही. प्रत्येक कडीत एक पिन असते आणि ती बुशमध्ये थोडी थोडी फिरते, चेन दातेरी चाकावर चढताना आणि उतरताना. पिन आणि बुश दोन्ही घासतात. एका सांध्यातली झीज डोळ्याला दिसणारी नसते, पण सांधे शंभराच्या वर असतात आणि सगळ्यांची झीज एकाच दिशेनं जमा होते.

आकडे धरून बघू. समजा चेनचं पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर, ८ मिमी, कड्या १२०. नवी चेन ९६० मिमी. प्रत्येक सांध्यात ०.०२ मिमी झीज झाली तर लांबी २.४ मिमीनं वाढली. आता क्रँक कॅमला ज्या बाजूनं ओढतो ती बाजू कायम घट्ट असते. तिच्यात एकूण चेनचा तिसरा हिस्सा आहे असं धरलं तर त्या बाजूला ०.८ मिमी. कॅमच्या चाकाला ४० दात असतील तर त्याचा परीघ ३२० मिमी. म्हणजे कॅम ०.९ अंशानं मागं राहिला. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून क्रँकच्या हिशेबात १.८ अंश.

यात एक गोष्ट सगळ्यांनी नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. टेन्शनर सैल बाजूला असतो. तो झोल खातो, आवाज दाबतो, पण मागं पडलेलं टायमिंग पुढं आणू शकत नाही. म्हणजे नुसता टेन्शनर बदलून आवाज गेला तरी चेन तितकीच झिजलेली राहते. "टेन्शनर टाकला, गाडी नवी झाली" म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

डिझेलला झीज जास्त का? काजळी. ज्वलनातली काजळी ऑइलमध्ये उतरते, पिन आणि बुशच्या मधल्या ऑइलच्या पातळ थरात शिरते आणि पोलाद घासत राहते. ऑइल बदलायला उशीर झाला की काजळी वाढत जाते. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनांतही हाच त्रास आहे, वर पेट्रोल ऑइलमध्ये मिसळून ते पातळ होतं ते वेगळंच.

जालनेकर_काका

खामकाठ यांनी छान उलगडून सांगितलं. माझ्याकडून जुन्या काळची भर. अॅम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आम्ही वर्षानुवर्षं वापरलं. तिलाही टायमिंग चेनच होती, पण कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, क्रँकच्या शेजारी. तिथून पुशरॉड वर जायचे आणि वॉल्व्ह उघडायचे. त्यामुळं चेन अगदी आखूड, दोन चाकांवर फिरणारी. इंजिन सावकाश फिरायचं. चेन आयुष्यभर टिकते ही ख्याती त्या इंजिनांनी कमावली.

आताच्या इंजिनांत एक किंवा दोन कॅम वर हेडमध्ये बसलेत. चेन क्रँकपासून थेट वरपर्यंत जाते, मधे प्लास्टिकच्या गाईड पट्ट्या, टेन्शनर, आणि वजन वाचवायला बहुतेक ठिकाणी एकेरी बारीक चेन. जुनी ख्याती नव्या चेनला चिकटवून चालत नाही.

खामकाठ

काका, अगदी बरोबर. मर्सिडीजच्या जुन्या ओएम ६१६ आणि ६१७ डिझेल इंजिनांत दुहेरी चेन असायची, ती लाखो किलोमीटर चालायची. पण त्यातही लांबी वाढायचीच. मागं पडलेलं टायमिंग भरून काढायला कॅमच्या चाकात थोडी सरकवलेली अर्धगोल चावी मिळायची, वेगवेगळ्या अंशांची. म्हणजे झीज होणार हे त्या काळच्या कारखान्यानंही गृहीत धरलं होतं. त्याउलट बीएमडब्ल्यूच्या एन ४७ डिझेलमध्ये चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडं दिली. तिथं चेन बदलायची तर गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. चेन टिकेलच असं धरून चाललं की काय होतं ते त्या इंजिनाच्या मालकांनी भोगलं.

उदगीरी_गडी

एवढी चर्चा कामून? मी २०डब्ल्यू-५० टाकतो, आवाज बंद. आपल्याकडं बर्फ थोडाच पडतो, पातळ ऑइल परदेशातल्या थंडीसाठी हाय.

पाना_तेरा

उदगीरी भाऊ, राग मानू नका, पण याच सल्ल्यानं खराब झालेली इंजिनं मी हातानं खोललीत.

बर्फाचा प्रश्न नाही. इंजिनच्या हिशेबानं लातूरची ३० अंशांची सकाळसुद्धा थंडच. एकाच ५डब्ल्यू-३० ऑइलची दाटी ४० अंशांना मोजली तर १०० अंशांच्या मानानं पाचपटीहून जास्त भरते. रात्रभर थंड झालेलं ऑइल टेन्शनरच्या बारीक भोकातून जायचं असतं. ते जितकं दाट, तितकं उशिरा पोचणार. जाड ऑइलनं गरम इंजिनची खरखर थोडी दबते हे खरं, त्यामुळं माणसाला वाटतं काम झालं. सकाळची कोरडी सेकंदं मात्र वाढतात, आणि झीज तिथंच होते.

आपल्याकडच्या उन्हाचं म्हणाल तर ग्रेडमधला दुसरा आकडा बघा, तो गरम ऑइलच्या दाटीचा. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० सोबत ५डब्ल्यू-४० चालेल असं लिहिलेलं असेल तर उन्हाळ्यात ४० घ्या. पहिला आकडा थंड ऑइलचा, तो वाढवू नका.

उदगीरी_गडी

पटलं बगा. पुढच्या वेळी मॅन्युअलप्रमाणं टाकतो.

पूर्णामाय (परभणी)

मी शाळेत शिक्षिका आहे, गाडीतलं फार कळत नाही, पण माझा अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहिते. माझी छोटी पेट्रोल गाडी, व्हेरिएबल वॉल्व्ह टायमिंगवाली, म्हणजे ऑइलच्या दाबानं कॅमची वेळ मागंपुढं करणारी. घर ते शाळा दोन-अडीच किलोमीटर, वर उन्हाळ्यात एसी लावून गेटसमोर उभी. इंजिनचा पिवळा दिवा लागला. स्कॅनरवर बिघाडाचा कोड पी००१६ आला. एका गॅरेजनं बघितल्याबरोबर "चेन गेली" म्हणून मोठा खर्च सांगितला. भावानं दुसऱ्या मिस्त्रीकडं नेली. त्यांनी इंजिनच्या पुढचा एक छोटा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह काढला. त्याची जाळी काळ्या चिकट गाळानं भरलेली होती. ती साफ केली, ऑइल बदललं, थोडं चालवून लगेच पुन्हा बदललं. दिवा गेला तो गेलाच.

प्रश्न हा की ऑइल तर दर वर्षी बदलत होते, किलोमीटरही फार नाहीत. मग गाळ कसा झाला?

खामकाठ

ताई, प्रश्न फार महत्त्वाचा आहे. पी००१६ चा अर्थ एवढाच की क्रँकची जागा आणि कॅमची जागा एकमेकींशी जुळत नाही. चेन वाढली असेल, दात सुटला असेल, तुमच्यासारखा व्हॉल्व्ह अडकला असेल, सेन्सर किंवा वायरिंग खराब असेल, काहीही असू शकतं. कोड बघून थेट चेनचं बिल काढणं घाईचं आहे. पण कोड पुसून टाकून गाडी पळवणं त्याहून वाईट, कारण चेनच असेल तर पुढची पायरी म्हणजे वॉल्व्ह पिस्टनवर आपटणं.

गाळाचं कारण तुमचा छोटा फेरा. दोन किलोमीटरमध्ये ऑइल पुरतं तापत नाही. ज्वलनातली वाफ आणि थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ते उडून जायला ऑइल गरम राहावं लागतं. शिवाय गेटसमोर एसी लावून उभी असलेली गाडी मीटरवर शून्य किलोमीटर चालते, पण इंजिन फिरतंय, चेन फिरतेय. अशा वापराला ऑइल किलोमीटरवर न मोजता महिन्यांवर मोजावं, सहा महिन्यांनी बदलावं. जमेल तेव्हा गाडी वसमत किंवा जिंतूरपर्यंत पळवून आणत जा.

बालाघाटी

यात आपल्याकडच्या धुळीची भर घाला. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत पाणंद रस्त्यानं गाडी नेली की एअर फिल्टर आठवड्यात मातीनं भरतो. फिल्टरचं रबर नीट बसलं नसेल तर ती माती थेट इंजिनात आणि तिथून ऑइलमध्ये. आणि कृपा करून रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकू नका. आपलं पाणी जड आहे, आत क्षार धरतात, इंजिन तापतं, ऑइल लवकर मरतं. तयार कूलंट मिळतो, तोच टाका.

रझाकार_नव्हे_रायडर (औंढा)

माझ्या इनोव्हाला चेन का बेल्ट? कुणी म्हणतं चेन, कुणी बेल्ट. २०११ ची आहे.

तेरणाकाठ

२०११ म्हणजे २.५ डिझेल, बेल्ट. मीटरवर टी-बेल्टचा दिवा असतो, तो लागायची वाट न बघता मॅन्युअलच्या अंतरावर बदला. २०१६ ला क्रिस्टा आली, तिच्या डिझेलला चेन आहे. इंडिकाचं १.४ डिझेल बेल्टचं, डस्टरचं १.५ डिझेलही बेल्टचं. फियाटचं १.३ मल्टिजेट चेनचं. ते २००७ ला स्विफ्टमध्ये आलं, टाटा, फियाट, शेवरोले सगळ्यांनी वापरलं आणि २०२० ला बीएस-६ आलं तेव्हा बंद झालं. मारुतीचं ८०० वालं ७९६ सीसी बेल्टचं, पुढची के सीरिज चेनची. स्कॉर्पिओचं एमहॉक चेनचं.

बेल्टला ठरलेलं अंतर असतं, तो न वाजता तुटतो. चेनला ठरलेलं अंतर नसतं, पण ती आधी बोलते. जुनी गाडी घेणाऱ्याला माझ्या मते चेनच बरी, फक्त ऐकणारा कान पाहिजे. बेल्ट कधी बदलला याचा पुरावा नसेल तर तो गेलेलाच धरून चालावं.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. पाना_तेरा दादांच्या सांगण्याप्रमाणं आधी ऑइल आणि फिल्टर बदलला. जुना फिल्टर निघाला तो बिननावाचा. नवा टाकल्यावर आवाज कमी झाला, पण गेला नाही. मग स्कॅनर लावून घेतला. कोड नाही. गॅरेजवाल्यानं वरचं कव्हर काढून, इंजिन हातानं फिरवून टायमिंगचं टूल, म्हणजे क्रँक आणि कॅम ठरल्या जागी धरणाऱ्या पिना, लावून बघितलं. क्रँकची पिन बसली, कॅमची बसेना, थोडक्यात अडकली. म्हणजे खामकाठ सरांनी सांगितलेला मागं पडलेला कॅम हाच ना? आता किट टाकायचं ठरवलंय. कामात काय काय बघू?

खामकाठ

हो, तोच. चेनच्या झिजेचा इंजिन न खोलता मिळणारा याहून चांगला पुरावा नाही. एकदा खात्री झाली की उशीर करू नका.

पाना_तेरा

चांगलं झालं, अंदाजावर गेला नाहीत. आता नीट वाचा.

किट पूर्ण टाका. चेन, टेन्शनर, गाईडच्या पट्ट्या, क्रँकचं आणि कॅमचं चाक, पुढचं सील. नवी चेन झिजलेल्या दातांवर चढवली तर नवी चेनही लवकर जाते. सायकलला नुसती चेन बदलून जुनी चकती ठेवली की काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

काम लॉक टूल लावूनच झालं पाहिजे. काही जण जुन्या चेनवर आणि चाकांवर व्हाइटनरच्या खुणा करतात आणि नवी चेन त्याच खुणांवर बसवतात. बऱ्याच इंजिनांत कॅमचं चाक चावीवर नसतं, फक्त बोल्टच्या दाबावर धरलेलं असतं. तिथं खुणेवर बसवलं की जुन्या चेननं मागं पाडलेलं टायमिंग नव्या चेनसकट तसंच कायम राहतं. गाडी चालते, पण ॲव्हरेज आणि ओढ कमी. समोर उभं राहून टूल लावलेलं बघा, त्यात संकोच करू नका.

चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं, खाली उतरवायला लावा. गाईडचे तुकडे तिथंच पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीला अडकतात. पुढचं कव्हर बसवताना सिलिकॉन बारीक लावलेलं असावं. जास्त लावलं की आतल्या बाजूला ओघळ येतो, तो तुटून जाळीत जातो. ज्या बोल्टना अंशांवर आवळायचं असतं ते नवेच घ्या.

टेन्शनरची पिन सगळं बसल्यावरच ओढायची. त्यानंतर क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवायचा, कुठं अडलं तर जोर लावायचा नाही, उघडून बघायचं. मग टूल परत लावून जुळतंय का ते तपासायचं. पहिला सेल्फ इंधन बंद ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा. हे झाल्याशिवाय इंजिन सुरू करू देऊ नका.

जुने सुटे भाग पिशवीत घालून घरी आणा. मागितले तर चांगला मिस्त्री आनंदानं देतो.

मांजराकाठ

काम झालं. गॅरेजवाल्यानं सगळं दाखवून केलं, टूल लावूनच. जुने भाग समोर ठेवून लिहितोय.

टेन्शनरचा प्लंजर जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला, पुढं सरकायला दोन दात उरले असतील. लांब गाईडच्या पट्टीवर चेनच्या दोन समांतर खाचा पडल्यात, नख आत जातं इतक्या खोल. त्या पट्टीचं खालचं टोक तुटलेलं आहे आणि तो तपकिरी तुकडा चेंबरमध्ये जाळीच्या अगदी शेजारी सापडला. क्रँकच्या छोट्या चाकाचे दात एका बाजूला कललेत. दोन्ही चेना एका खिळ्याला टांगल्या तर खालच्या टोकाला फरक सरळ दिसतो. जुनी चेन आडवी धरली की कमानीसारखी खाली वाकते, नवी बरीच सरळ राहते.

मजुरी किटपेक्षा जास्त लागली. पण हेड उतरवावं लागलं असतं तर कैकपट गेले असते. पळताना गाडीची ओढही सुधारलीय, हे अपेक्षित नव्हतं.

खामकाठ

ओढ सुधारणारच, वॉल्व्ह आता वेळेवर उघडतात. गाईडचा तो तुकडा जाळीत गेला असता तर चेनआधी बेअरिंग गेलं असतं. योग्य वेळी केलंत.

जालनेकर_काका

आमच्या नातवाला संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात बनलेली जुनी स्कोडा सुपर्ब १.८ टीएसआय (पेट्रोल) घ्यायचीय. त्या इंजिनाच्या चेनबद्दल बरंच ऐकतो. कुणी सांगेल का?

खामकाठ

काका, ते ईए८८८ कुटुंबातलं इंजिन, चेनचंच. आधीच्या पिढ्यांत टेन्शनर हा कच्चा दुवा ठरला. गाडी बंद असताना तो मागं सरकायचा आणि चेन सैल पडून दात सोडायची. पुढं कंपनीनं टेन्शनरची रचना बदलली. अमेरिकेत यावरून ग्राहक कोर्टात गेले, तिथं तडजोडही झाली. शेंद्र्याचा त्यात काही दोष नाही, इंजिनाची रचनाच तशी होती. गाडी चांगली आहे, पण घेण्याआधी टेन्शनर नव्या रचनेचा आहे का ते उघडून बघून घ्या. पुढच्या कव्हरला तपासणीचं छोटं झाकण असतं, तिथून दिसतो. जुना असेल तर त्याचा खर्च किमतीतून वजा करून बोला.

बालाघाटी

या इंजिनांबद्दल असंही ऐकलं की गाडी चढावर गिअरमध्ये लावून ठेवू नये. आम्ही मांजरसुंब्याच्या घाटात चहाला थांबलो की पहिला गिअर टाकूनच उतरतो. खरं आहे का?

खामकाठ

खरं आहे, आणि फक्त त्या इंजिनाला नाही, चेन झिजलेल्या कुठल्याही इंजिनाला लागू आहे. तोंड चढाकडं, पहिला गिअर, हँडब्रेक सैल. गाडी मागं सरकायला बघते आणि इंजिन थोडं उलटं फिरतं. इंजिन सरळ फिरतं तेव्हा जी बाजू घट्ट असते ती सैल होते आणि टेन्शनरची बाजू ओढली जाते. बंद गाडीत टेन्शनरला ऑइलचं प्रेशर नसतं. झोल जास्त असेल तर चेन तिथंच एक दात सोडू शकते, आणि कळतं पुढच्या सेल्फला. तोंड उताराकडं करून रिव्हर्स टाकला तरी इंजिन उलटंच फिरतं, त्यामुळं तो उपाय नाही.

बालाघाटी

मग घाटात करायचं काय? नुसत्या हँडब्रेकवर भरवसा नाही.

पाना_तेरा

पायाचा ब्रेक दाबून ठेवा, गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक पूर्ण ओढा. सोबतच्या माणसाला चाकाला दगड लावायला सांगा. मग पायाचा ब्रेक हळू सोडा, गाडीचं वजन दगडावर आणि हँडब्रेकवर बसू द्या. गाडी स्थिर झाल्यावर गिअर टाका, म्हणजे इंजिनवर भार येत नाही. आणि खडखड करणाऱ्या गाडीची बॅटरी उतरली तर ढकलून सुरू करू नका, त्या झटक्यानं सैल चेन दात सोडते. जंपर केबल डिकीत ठेवा.